रुग्णवाहिका करार, परिशिष्ट तीनसह

३ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं पत्र मिळालं. पाकीट फोडताना लाखेचा तुकडा उडून चहात पडला आणि यांनी तो साखरेचा खडा समजून ढवळला. बहिणीला लिहिताना डिंक चालतो, सरकारी मोहोर लागत नाही, हे तुला कितीदा सांगितलं? पोस्टमन मात्र खूश आहे. तुझं पाकीट तो दोन्ही हातांनी देतो आणि "परराष्ट्र खात्याचं आलंय!" असं गल्लीभर ओरडतो. माझी बाकीची पत्रं तो दाराच्या फटीतून आत ढकलतो.

आता कामाचं. तुझ्या लाडक्या भाचीचा, मुंगीचा, सहावा महिना सरत आलाय. पहिल्या वेळी तिचं सिझेरियन झालं होतं, आणि या वेळी वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी आहे. म्हणजे कधीही रक्त जायला लागेल, आणि लागलं तर तासाभरात ऑपरेशन व्हायला हवं. माझ्या आरोग्य केंद्रात मी टाके घालते, सलाईन लावते आणि लोकांना दम देते. पोट उघडायची सोय नाही. आमचं जिल्ह्याचं हॉस्पिटल घाटातून साडेचार तास. पुलापलीकडचं हॉस्पिटल मला खिडकीतून दिसतं, गाडीने अकरा मिनिटं, पण ते तुमच्या देशात! लग्न करून मी नदी ओलांडली आणि परदेशी झाले, ते हे असं. माणसाला पलीकडे जायचं तर आठ दिवस आधी अर्ज, एका दिवसाचा पास, सूर्यास्ताला परत. रुग्णवाहिकेला तर परवानगीच नाही.

म्हणून पुढच्या महिन्यात तिला जिल्ह्याच्या गावी, जावयांच्या मावसबहिणीकडे नेऊन ठेवणार आहे. ती बाई झोपेतही बोलते. मुंगीला वेड लागेल, पण जिवंत राहील.

पण पेपरात वाचलं, की तुमचं आणि आमचं सरकार रुग्णवाहिकांचा करार करतंय. "माझ्या हातून गेल्याशिवाय आमच्या खात्यातून एकही करार बाहेर पडत नाही," असं तूच आईला सांगितलं होतंस. मग खरं काय ते कळव.

ताई

१२ फेब्रुवारी

ताई,

भाऊजींना सांग, ती लाख साधीसुधी नव्हती. करारावर मोहोर उठवायच्या आधी एक ठसा रद्दी कागदावर मारून बघायचा असतो, कारण पहिल्या ठशात हमखास बुडबुडा येतो. रद्दी कागद शोधण्यापेक्षा मी तुझं पाकीट पुढे करतो. त्यामुळे आजवर तुझ्या घरी नदीच्या पाण्याचे दोन, टपालाचा एक आणि डासांविरुद्धच्या सहकार्याचा एक, असे चार करार अर्धेमुर्धे पोचलेले आहेत.

रुग्णवाहिकांचं खरं आहे. बोलणी चालू आहेत. पहिले तीन दिवस नदी दोन देशांच्या "मध्ये" आहे की "दरम्यान" आहे यावर गेले. चौथ्या दिवशी आधी नाव कोणाचं यावरून जुंपली. त्याला तोडगा जुनाच आहे. कराराच्या दोन मूळ प्रती असतात. आमच्या प्रतीत आमचं नाव आधी आणि आमच्या मंत्र्यांची सही डावीकडे. तुमच्या प्रतीत तुमचं. दोघंही आपापल्या घरी पहिले! आमची प्रत निळ्या फितीत बांधतात, तुमची लाल. मजकूर तोच. मोठी माणसं अशीच समजूत घालतात एकमेकांची.

मुंगीला कुठेही हलवू नकोस. महिनाअखेर सह्या आहेत. मी आहे ना इथे.

तुझा बारक्या

२० फेब्रुवारी

बारक्या,

"मी आहे ना इथे" हे मी यांना दोनदा आणि मुंगीला तीनदा वाचून दाखवलं. जावयांच्या मावसबहिणीला नको म्हणून कळवलं. ती रुसली, पण रुसल्यामुळे गप्प बसलीय म्हणे, म्हणजे त्या गावावरही आपले उपकार झाले.

खरं सांगू? मला धीर आला. तू लहानपणी बुटाची नाडी बांधायला मला हाक मारायचास, आणि आता दोन देशांना बांधतोयस. आई असती तर तिने शेजारपाजारच्यांना जगू दिलं नसतं.

मुंगी ठीक आहे. एका जागी बस म्हटलं की फक्त जेवायला बसते. तुझी पाकिटं मी आता कडेने कात्रीने कापते, मोहोर तशीच राहते. चहा सुरक्षित आहे.

ताई

२८ फेब्रुवारी

ताई,

झालं! सह्या झाल्या! गडबडीत लिहितोय. आज तुझं पाकीट सकाळीच मोहोर मारून तयार ठेवलं, की सही झाल्या झाल्या चार ओळी खरडून टपालात टाकता याव्यात. बाकीचं बांधाबांधीचं काम मग घाईघाईत उरकलं.

दोन्ही मंत्री हसले, पेनं बदलली, आणि आपापल्या फितीची प्रत छातीशी धरून फोटो काढला. उद्याच्या पेपरात डावीकडच्या फुलदाणीमागे एक कोपर दिसेल, ते माझं.

आता दोन्ही सरकारं आपापली प्रत दप्तरी दाखल करतील, आणि दोन्हीकडे दाखल झाली त्या दिवसापासून करार लागू. आठ-दहा दिवसांचं काम. मुंगीला म्हणावं, मामाने पूल उघडला.

बारक्या

१४ मार्च

बारक्या,

पंधरा दिवस झाले. पूल तस्साच आहे.

आमच्या टोकाच्या फाटकवाल्याला विचारलं. हा आमचा झोपाळू. खुर्चीत झोपतो आणि हॉर्न वाजला की फाटकाआधी स्वतःची टोपी वर उचलतो. तो म्हणाला, "ताई, वरून कागद आला की उघडतो." तुमच्या टोकाला जो आहे त्याला आम्ही वहीवाला म्हणतो. बदक पुलावर आलं तरी तो नोंद करतो. त्याला झोपाळूकरवी विचारलं. तो म्हणाला, "कराराचा फोटो पाहिलाय. फोटोवर गाडी सोडता येत नाही."

आठवा महिना लागलाय. काय चाललंय ते सांग.

ताई

२१ मार्च

ति. ताईस,

आपले पत्र पावले. सदर विषयाबाबत असे की, करारातील काही तांत्रिक स्वरूपाच्या बाबी उभय पक्षांच्या विचाराधीन असून योग्य त्या स्तरावर कार्यवाही सुरू आहे. विलंबाबद्दल कोणासही जबाबदार धरणे उचित होणार नाही. काळजी नसावी.

मुंगीस आशीर्वाद.

बारक्या

२७ मार्च

बारक्या,

"ति. ताईस"? "सदर विषयाबाबत"? माझ्याशी असं तू एकदाच बोलला होतास, माझ्या निबंधाच्या वहीवर शाई सांडली तेव्हा. "मांजर आली होती असे समजते," असं म्हणाला होतास. वय वर्षं सात.

आता ऐक. परवा मुंगीला थोडं रक्त गेलं आणि आपोआप थांबलं. मी नर्स आहे, थोडं म्हणजे काय ते मला कळतं. आता तिला साडेचार तास घाटातून धक्के खात नेणं हीच जोखीम आहे. तेव्हाच नेली असती तर ती आज हॉस्पिटलच्या शेजारी बसून त्या बाईची बडबड ऐकत असती. तू म्हणालास म्हणून नेली नाही. तुझ्या शब्दावर मी माझ्या पोरीचा जीव टांगलाय.

तेव्हा खरं लिही. वाईट असलं तरी चालेल.

ताई

२ एप्रिल

ताई,

खरं लिहितो.

मी अधिकारी नाही. कधीच नव्हतो. माझ्या हातून गेल्याशिवाय करार बाहेर पडत नाही हे खरं आहे, कारण मी तो शिवतो. दाभणाने भोकं पाडायची, फीत ओवायची, गाठ मारायची, गाठीवर लाख ओतून मोहोर उठवायची. तळघरातल्या खोलीत मी, शेगडी आणि फितींची रिळं. कराराची बोलणी मी शिपायाकडून ऐकतो. आईला सांगताना वाक्य जरा गुळगुळीत केलं आणि मग तिने गावभर केलं. एकवीस वर्षांत ते दुरुस्त करायचा धीर झाला नाही.

आणि आता ऐक, मी काय केलं. सह्यांच्या दिवशी सकाळी दोन्ही प्रती टेबलावर होत्या. मी तुझं पाकीट आधी घेतलं, चाचणीचा ठसा त्यावर मारला, पत्ता लिहिला, भाचीचा विचार करत स्वतःशी हसलो, आणि मग फिती ओवल्या. निळी तुमच्या प्रतीला. लाल आमच्या प्रतीला. वरचा पुठ्ठा दोन्हींचा सारखाच. टेबलावर फितीच्या रंगाने प्रती मांडल्या गेल्या. मंत्र्यांनी आत पाहिलंही नाही. खूण केलेल्या पानावर सही केली आणि दुसऱ्याची प्रत छातीशी धरून फोटो काढला.

आठवड्याने तुमच्या खात्यातल्या एका कारकुनाने झेरॉक्ससाठी प्रत उघडली. तोवर दोन देशांत मिळून कोणी ती उघडली नव्हती! आता आमच्याकडच्या प्रतीत तुमचं नाव आधी आहे आणि तुमच्याकडच्या प्रतीत आमचं. अशी प्रत दाखल केली तर आपण दुय्यम असल्याचं मान्य केल्यासारखं होतं म्हणे. नुसती अदलाबदल करावी, तर "आमच्या मंत्र्यांनी न वाचता सही केली" असं आधी कोणीतरी लिहून द्यायला हवं. दोन्हीकडे कोणी तयार नाही. सहा जणांची समिती नेमलीय. आमच्या प्रमुख बाई तिच्या अध्यक्ष आहेत. त्या समोर येईल त्यावर सही करतात, मागच्या वर्षी जेवणाच्या मेन्यूवर "मंजूर" असं लिहिलं होतं. समितीची पहिली बैठक जूनमध्ये.

बाई तळघरात चौकशीला आल्या तेव्हा, फिती मीच उलट लावल्या हे मी त्यांना सांगितलं. "तुम्ही सांगून काय उपयोग, तुम्ही कोणीच नाही," असं म्हणाल्या. बरोबरच आहे.

ताई, मी काही करू शकत नाही. माझ्यात मोठेपणाची हौस होती, तिच्यापायी तू मुंगीला थांबवलंस. तिला काही झालं तर मी काय तोंड दाखवू? जमेल तसं, गादी घालून, हळूहळू, पण घाटातून ने तिला. माझ्यावर विसंबू नकोस.

शाईसुद्धा मीच सांडली होती. मांजर त्या दिवशी घरात नव्हतीच.

आज टोळधाडीच्या करारावर मोहोर लावायची होती, लाख तापलेली होती. सवयीने या पाकिटावरही ठसा मारलाय, तेवढा माफ कर.

बारक्या

१० एप्रिल

बारक्या,

आधी हे: दोघी जिवंत आहेत. आता बसून वाच.

सोमवारी सकाळी साडेदहाला पोस्टमन "परराष्ट्र खात्याचं!" करत आला. मी ओट्याशी उभी राहून तुझं पत्र वाचलं आणि तुला शिव्या द्यायला लागले. एकवीस वर्षांच्या शिव्या होत्या, वेळ लागणार होता. शिव्या देत तुझ्या तळघरातल्या शेगडीपर्यंत आले होते तेवढ्यात मुंगी दाराची चौकट धरून म्हणाली, "आई, ओलं लागतंय." मी खाली पाहिलं. या वेळचं थोडं नव्हतं.

केंद्राची गाडी दारात आली. ड्रायव्हरने विचारलं, "घाट?" साडेचार तास. ती घाटात गेली असती, हे मला नर्स म्हणूनही कळत होतं आणि आई म्हणूनही. मी म्हणाले, "पूल." माझ्या हातात तुझं पाकीट तसंच होतं. मी ते का घेतलं मला माहीत नाही. टाकायला वेळ नव्हता इतकंच.

झोपाळूने हॉर्न ऐकून टोपी उचलली. मी खिडकीतून पाकीट बाहेर काढलं. त्याने मोहोर पाहिली, लाल, तळहाताएवढी, बुडबुड्यासकट. ताठ उभा राहिला, सलाम ठोकला आणि फाटक वर. मी काही बोललेच नव्हते.

पण पलीकडे वहीवाला. त्याने मोहोर नखाने तपासली, "आमच्याच खात्याची," म्हणाला, आणि आतला कागद मागितला. मी दिला. दुसरं काय करणार होते? तो पहिल्या ओळीपासून वाचायला लागला. ओठ हलवत! दोन पानं, पाठपोट. मुंगीचा हात माझ्या हातात गार पडत चालला होता.

मी म्हटलं, "भाऊ, पाया पडते, जरा लवकर वाचा."

तो म्हणाला, "अर्धवट वाचून गाडी सोडली तर मंत्र्यांत आणि माझ्यात फरक काय राहिला?"

मग त्याने मान वर केली. "म्हणजे सह्या झाल्यात?"

"झाल्यात."

"दोन्ही मंत्र्यांच्या? दोन्ही प्रतींवर?"

"हो."

"आणि आडलंय ते फितीवर?"

"हो. लावणारा माझा भाऊ आहे."

तो गाडीत डोकावला. मुंगीकडे पाहिलं, खाली टपकत होतं त्याकडे पाहिलं. "माणसं जाऊ द्यात," म्हणाला, "फिती येतील मागनं." फाटक उघडलं. पण वही ती वहीच. गाडीचा नंबर, वेळ अकरा वाजून चार मिनिटं, आणि कारणाच्या रकान्यात, मी स्वतः पाहिलं, "करारानुसार". पुरावा म्हणून तुझं पत्र त्याने ठेवून घेतलं. त्या वेळी त्याने माझं मंगळसूत्र मागितलं असतं तरी मी दिलं असतं.

साडेअकराला पोट उघडलं. डॉक्टरीण म्हणाली, अजून अर्धा तास गेला असता तर दोघी हाती लागल्या नसत्या. मुंगीला चार बाटल्या रक्त चढलं, सगळं तुमच्या देशाचं. मुलगी झाली, दोन किलोला थोडी कमी, काचेच्या पेटीत आहे आणि दोन्ही देशांना ऐकू जाईल असं रडते. ही गाडी इथे आलीच कशी, असं कोणी विचारलं नाही. वहीत लिहिलेलं होतं ना.

माझ्या शिव्या राहिल्यात. सवडीने देईन.

ताई

२८ एप्रिल

ताई,

तुझं पत्र मी तळघरात बसून वाचलं आणि शेगडीसमोर ढसाढसा रडलो. शिपाई म्हणाला, लाखेचा धूर डोळ्यांत जातो, सांभाळा.

चार दिवसांनी प्रमुख बाईंनी वर बोलावलं. एकवीस वर्षांत मी तो जिना पहिल्यांदा चढलो. टेबलावर माझं पत्र! वहीवाल्याने पंधरवड्याच्या नोंदींबरोबर, नियमाप्रमाणे, पुरावा जोडून वर पाठवलं होतं. मेन्यूच्या ओळीखाली लाल पेन्सिलीची रेघ होती.

बाईंनी पत्राची घडी घातली. मग म्हणाल्या, "समितीची तातडीची बैठक झाली. ज्याअर्थी गाडी करारानुसार गेली अशी सरकारी नोंद आहे, त्याअर्थी करार त्या दिवशी लागू होता. आणि लागू होता, त्याअर्थी दाखलही झालेला होता." तुमच्याकडच्यांनी तासाभरात होकार कळवला. न वाचता सही केली असं आता कोणालाच लिहून द्यावं लागत नाही, म्हणून दोन्हीकडे आनंद आहे. प्रती गुपचूप बदलल्या. पूल सहा एप्रिलपासून उघडा आहे, आणि तो उघडल्याचं आम्हाला वीस तारखेला कळलं.

फक्त त्या नोंदीला आधार हवा. आधार म्हणजे पुरावा, आणि पुरावा म्हणजे माझं पत्र. दप्तरी आलेल्या कागदातली ओळ खोडता येत नाही, म्हणून ते अथपासून इतिपर्यंत परिशिष्ट तीन झालंय, दोन्ही प्रतींना. पहिल्या परिशिष्टात पुलाचा नकाशा आहे, दुसऱ्यात गाड्यांची यादी, तिसऱ्यात निबंधाची वही. शाई मी सांडली आणि मांजर घरात नव्हती, यावर आता दोन सार्वभौम राष्ट्रांचं एकमत आहे. आईच्या मांजरीला न्याय मिळाला.

"शिवा," बाई म्हणाल्या. "आणि मेन्यूचं नंतर बघू." दारापर्यंत गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "मुलगी कशी आहे?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि समोरच्या कागदावर सही केली. या वेळी वाचून केली असं मला वाटलं.

मी खाली येऊन शिवलं. स्वतःच्या पत्राला भोकं आधी पट्टीने आखली, मग पाडली. फितीचा रंग चार वेळा पाहिला, पाचव्यांदा शिपायाला दाखवला. आणि आजवर शेकडो करार बांधले, त्यांतला हा पहिला मी सगळा वाचला. बरा लिहिलाय. फार मोठ्या शब्दांत एवढंच म्हटलंय, की कोणी मरत असेल तर फाटक उघडा.

खाजगी पाकिटांवर चाचणीचा ठसा मारायला बंदी आलीय. हे पत्र डिंकाने चिकटवलंय.

बारक्या

९ मे

बारक्या,

डिंकाचं पत्र पोस्टमनने दाराच्या फटीतून ढकललं. गल्लीत कोणाला पत्ताही लागला नाही.

मुंगी काल पोरीला घेऊन पुलावरून चालत घरी आली. वहीवाल्याने दोघींची नोंद केली आणि पोरीचं वजन विचारून तेही लिहिलं. या महिन्यात गाडी सात वेळा गेली, त्यात तुमच्याकडचा एक म्हातारा आमच्याकडे. त्याला कुत्रा चावला होता आणि ती लस आमच्याकडे असते. झोपाळू आता हॉर्न वाजायच्या आधी जागा होतो.

रजा काढ आणि ये. यांना तुझ्याशी चहा घ्यायचाय, बिनलाखेचा.

आता शिव्यांचं. महिनाभर जमवत होते, पण लिहायला बसले की दोनच गोष्टी उरतात. तुझ्यामुळे माझी पोर मरायला टेकली, आणि तुझ्यामुळेच वाचली. दोन्ही खऱ्या आहेत आणि दोन्ही मी आयुष्यभर ऐकवणार आहे. यातली आधी कुठली लिहायची म्हणून अडून बसले होते. मग तुमच्या मोठ्या माणसांचा तोडगा आठवला. तुझ्या प्रतीत कुठली आधी घ्यायची ते तू ठरव.

माझ्या प्रतीत वाचली हे आधी आहे.

ताई